फोन आला नाही, तर काय समजायचं?

पत्राचा सारांश: वय २९, लग्नाला सहा वर्षं. नवरा लष्करात नायक, आठ महिन्यांपासून फिल्ड पोस्टिंगवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी. घर नागपुरात, सोबत सासू-सासरे आणि साडेचार वर्षांची मुलगी. फोन कधी रोज येतो, कधी पाच-सहा दिवस येतच नाही. आला की आधी सासूबाई बोलतात, मग सासरे. मुलगी हल्ली फोन बघून पळून जाते. शेवटी दोन-तीन मिनिटं या ताईंच्या वाट्याला येतात आणि तेव्हा उत्तर ठरलेलं, ‘सगळं ठीक आहे.’ दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांना छातीत दुखलं म्हणून तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ‘त्यांना तिकडे कशाला टेन्शन’ म्हणून ताईंनी कळवलं नाही. नवऱ्याला ते चुलत दिराकडून कळलं, आणि तेव्हापासून बोलणं आणखी तुटक झालं. ताई विचारतात, ‘यांना माझ्याशी बोलावंसंच वाटत नाही का? घरातलं सांगू की लपवू? रोज बोलणं होत नसेल तर नातं टिकेल का?’

ताई, तुमच्या पत्रात युनिटचं नाव, ठिकाण आणि त्यांच्या पुढच्या सुट्टीची तारीख होती. ती इथे मुद्दाम गाळली आहे. का, ते पुढे येईलच.

ते ‘सगळं ठीक’ म्हणतात याचा तुम्हाला त्रास होतो. आणि सासरे दवाखान्यात असताना तुम्हीही त्यांना तेच सांगत होता. दोघांचा हेतू एकच होता, समोरच्याच्या जिवाला घोर नको. पण झालं असं की आता तुमच्या ‘ठीक’वर त्यांचा भरवसा राहिलेला नाही आणि त्यांच्या ‘ठीक’वर तुमचा. बोलणं तुटलंय ते इथे. त्यांचं मन तुमच्यावरून उडालं असं तुमच्या पत्रातल्या कुठल्याच गोष्टीवरून दिसत नाही.

ते इतकं कमी का बोलतात, याची साधी कारणं बघा. कुठे आहोत, किती जण आहोत, कुठे निघालोय, कधी परतणार, यातलं काहीही फोनवर सांगायला त्यांना मनाई असते. बहुतेक वेळा बाजूला दोन-चार जण उभे असतात. दिवसभराच्या कामातून हे सगळं वजा केलं की सांगण्यासारखं फार थोडं उरतं. अशा वेळी ‘आणि काय चाललंय?’ असं विचारलं की ‘सगळं ठीक’ याशिवाय उत्तर येत नाही. म्हणून प्रश्न बदला. आज जेवायला काय होतं? हाताला भेगा पडल्यात का, मलम आहे की पाठवू? रात्री झोप सलग लागते का? टीमसोबत व्हॉलीबॉल अजून होतो का? ही उत्तरं ते मोकळेपणी देऊ शकतात, आणि ‘झोप लागते का’ याच्या उत्तरावरून तुम्हाला त्यांची खरी हालत जास्त कळेल.

आता फोन न येण्याबद्दल. रोजचा फोन हे नात्याचं माप धरलं तर फिल्डमधल्या कुठल्याच जोडप्याचं नातं पास होणार नाही. फोन न येण्याची बरीचशी कारणं माणसाच्या हातातलीच नसतात. पुढच्या चौकीवर जाताना मोबाइल मागे ठेवावा लागतो. काही चौक्यांवर सॅटेलाइट फोन असतो आणि तो सगळ्यांमध्ये वाटून वापरायचा असतो. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, तिथे पोस्टपेड लागतं किंवा तिथलंच सिम घ्यावं लागतं. कितीतरी जणांचे पहिले आठ-दहा दिवस यातच जातात. कधी अख्ख्या भागाचीच सेवा बंद होते. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झालं, आणि ४जी सगळीकडे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

म्हणून पुढच्या निवांत फोनवर त्यांना एकच गोष्ट विचारा: ‘किती दिवस फोन आला नाही तर मी नेहमीचं समजू?’ कारण विचारू नका, फक्त आकडा घ्या. समजा ते म्हणाले दहा दिवस. मग दहा दिवसांपर्यंत कोणालाही फोन करायचा नाही. अकराव्या दिवशी एकाच नंबरवर करायचा, तोही त्यांनीच दिलेल्या: कंपनीचे सिनिअर जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) किंवा युनिटचं ऑफिस. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चार मित्रांना फोन लावला की तो विषय बराकभर होतो, त्यांना ओशाळं वाटतं आणि पुढच्या वेळी ते आणखी कमी सांगतात. आणि एखाद्या मोठ्या कामावर जाण्याआधी ते जर ‘आता थोडे दिवस बिझी आहे’ एवढंच म्हणाले, तर नवीन आकडा घ्यायचा आणि तिथेच थांबायचं.

एका वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, कंपनी, तो ठरलेला नंबर आणि रेकॉर्ड ऑफिस लिहून ठेवा. जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं हे ऑफिस त्यांच्या रेजिमेंटच्या सेंटरला असतं: ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं आपल्या नागपूरजवळच्या कामठीला, महारचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. वही कुठे आहे हे सासूबाईंनाही माहीत हवं. घर किंवा मोबाइल नंबर बदलला असेल तर तो युनिटच्या कागदांत बदलून घ्यायला त्यांना सांगा. अधिकृत निरोप त्याच पत्त्यावर आणि त्याच नंबरवर येतो.

बातम्यांचा दिवस वेगळा असतो. टीव्हीवर त्या भागाचं नाव आलं की पोटात गोळा येतो, आणि नेमका तेव्हाच फोन लागत नाही. अशा वेळी युनिटमध्ये मोबाइल बंद ठेवायला सांगतात, नेटवर्कवरही ताण असतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत खोट्या बातम्यांचा आणि जुन्या व्हिडिओंचा इतका मारा झाला की पीआयबी या सरकारी माहिती संस्थेच्या फॅक्ट चेकला एकामागून एक खुलासे करावे लागले. त्या दिवशी बातमी एकदा ऐका आणि टीव्ही बंद करा, सासऱ्यांच्या तब्येतीसाठी तर नक्कीच. जवानाचं काही बरंवाईट झालं तर लष्कर जवळच्या नातेवाइकाला स्वतः कळवतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी यादी खरी धरू नका आणि पुढे पाठवू नका. ‘तुमच्या मिस्टरांचा अपघात झालाय, लगेच पैसे टाका’ असा फोन आला तर समोरचा कितीही मोठा हुद्दा सांगो, फोन ठेवा आणि वहीतल्या नंबरवर विचारा.

मेसेजचंही थोडं. एक टिक म्हणजे मेसेज त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. ‘लास्ट सीन’ बघून भांडू नका, दोन मिनिटं नेटवर्क आल्यावर त्यांनी युनिटच्या ग्रुपवरची सूचना वाचली असेल. नेटवर्क परत आलं की सगळे मेसेज एकदम पडतात. आधी ‘कुठे आहात’, मग ‘उत्तर का नाही’, मग ‘जाऊ द्या, तुम्हाला काय’. पाच दिवसांचा राग ते एका मिनिटात वाचतात आणि तोवर तुमचा राग निवळलेलासुद्धा असतो. त्यापेक्षा रोज संध्याकाळी एकच मेसेज लिहा, पाच-सहा ओळींचा, वर तारीख घालून. किंवा मिनिटभराचा आवाजाचा मेसेज. व्हिडिओच्या मानाने तो फारच हलका असतो आणि कमकुवत नेटवर्कवरही पोचतो. उत्तराची अपेक्षा न ठेवता लिहा. त्यांनी ते सात मेसेज एका रात्री सलग ऐकले तरी घरातला आठवडा त्यांच्या कानावर पडेल.

आता सांगायचं की लपवायचं. नवऱ्याला त्रास नको म्हणून घरातलं काही कळवायचं नाही, याला आपल्याकडे खंबीर बाईचं लक्षण समजतात. तुम्हीही त्याच भावनेने वागलात, त्यात खोट नव्हती. पण ते आठ महिने घराबाहेर आहेत. घरातली मोठी गोष्ट त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळते तेव्हा त्यांना वाटतं, आता घराला माझी गरजच नाही. शिवाय वडिलांच्या गंभीर आजारात इमर्जन्सी रजा मागता येते. ती मागायची की नाही हे ठरवायची संधीच त्यांना मिळाली नाही.

ज्यात त्यांची सही, पैसा किंवा रजा लागू शकते आणि जे बाहेरून त्यांच्या कानावर जाईल, ते त्याच दिवशी कळवा. दवाखाना, शेतीचा वाद, मुलीची शाळा हे यातलं. सासूबाईंशी झालेली कुरबुर, गॅस संपला, नळाला पाणी नव्हतं, हे निस्तरल्यावर सांगितलं तरी चालतं. आणि तुमचं स्वतःचं मन, म्हणजे एकटेपणा, राग, थकवा, हे सांगताना सुरुवातीलाच म्हणा, ‘यावर काही करू नका, फक्त ऐका.’ हे म्हटलं नाही तर ते तिथून उपाय शोधू लागतात. तो सापडत नाही, मग चिडतात, आणि तुम्हाला वाटतं की ते माझ्यावर चिडले.

वाईट बातमी कळवायचीही एक पद्धत आहे. काय झालं, काय केलं, आत्ता कसं आहे, तुमच्याकडून काय हवं, याच क्रमाने. उदाहरणार्थ: ‘बाबांच्या छातीत काल रात्री दुखलं. लगेच दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, डॉक्टरांनी तीन दिवस राहायला सांगितलंय. आत्ता बोलतात, सकाळी पोहे खाल्ले. पैसे आहेत. तुम्ही यायची आज गरज नाही. तशी वेळ आली तर मी स्पष्ट सांगेन.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. ते तुम्ही खरोखर पाळता असा अनुभव आला की त्यांना तिथे निर्धास्त झोप लागेल.

याच ओघात एक काम उरका. सासू-सासऱ्यांची ‘डिपेंडंट’ म्हणून नोंद आहे का, त्यांची कार्डं बनलीत का, हे तुमच्या मिस्टरांना विचारा. नोंद असेल तर कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलचा आधार मिळतो. ऐन वेळी रात्री कार्ड शोधत बसायला नको.

फोनच्या वाटणीबद्दल तुम्ही पत्रात दोनच ओळी लिहिल्यात, पण बराचसा सल त्यातच आहे. हा विषय तुम्ही सासूबाईंकडे काढू नका. सुनेने काढला की ‘आईला बोलू देत नाही’ असा अर्थ लागतो. तो तुमच्या मिस्टरांनी स्वतः काढायला हवा, आणि कुरकुरीच्या सुरात नको: ‘आई, मी आधी तुझ्याशी निवांत बोलतो, मग हिच्याशी दहा मिनिटं वेगळं बोलायचंय, घरातल्या व्यवहाराचं आहे.’ शक्य असेल तर रविवारचा फोन सगळ्यांचा, स्पीकरवर, आणि आठवड्यातला एखादा थेट तुमच्या नंबरवर. त्या दहा मिनिटांत हिशेब आणि तक्रारी शेवटी घ्या. सुरुवात हिशेबाने झाली की वेळ त्यातच जातो. आणि ड्युटीवर जायच्या घाईत असतील तर वादाचा विषय त्या दिवशी काढूच नका. तो लिहून ठेवा, पुढच्या फोनला बोला.

मुलगी फोन बघून पळते ते बाप नकोसा झाला म्हणून नाही. ‘बाबांशी बोल, काय खाल्लं सांग’ ही साडेचार वर्षांच्या पोरीला तोंडी परीक्षा वाटते. तिच्या हातात दाखवण्यासारखी वस्तू द्या, मग शब्द आपोआप येतात. दोन-तीन मिनिटं झाली की सोडून द्या. ओढून आणू नका, ‘बाबांना वाईट वाटेल’ असंही म्हणू नका.

आपल्याकडे तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा आहे, तो यासाठी फार उपयोगी पडतो. लाकडी बैल कोणत्या रंगाचा, झूल कोणत्या कापडाची, शिंगांना बेगड लावायची की रंग, हे बाबांना ठरवू द्या. चार दिवस आधी विचारा म्हणजे उत्तर यायला सवड राहील. मग सजवलेल्या बैलाचा फोटो आणि बोजारा म्हणून मिळालेल्या खाऊचा आणि पैशांचा हिशेब त्यांना तिच्याच आवाजात जाऊ द्या. पुढचे आठ दिवस दोघांना बोलायला एक विषय मिळतो. असंच शाळेच्या दप्तराचं, वाढदिवसाच्या फ्रॉकचं. घरातले छोटे निर्णय त्यांच्याकडे राहू देत. पुढच्या सुट्टीत त्यांच्या आवाजात दहा-बारा छोट्या गोष्टी रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येकी तीन-चार मिनिटांच्या, झोपताना ऐकवायला. आणि ‘बाबा उद्या येणार’ असं समजूत काढायला कधीही सांगू नका. पोरं ते विसरत नाहीत.

पत्र लिहिता का? अंतर्देशीय अजूनही अडीच रुपयांना मिळतं, आणि चौकीवर पत्र परत परत वाचता येतं. पत्त्यात सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, मग मार्फत ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ९९ एपीओ, जो त्यांनी दिला असेल तो, आणि ९ ने सुरू होणारा पिन. गाव, जिल्हा, राज्य लिहायचं नसतं. ५६ ची डाक दिल्लीहून फुटते, ९९ ची कोलकात्याहून. पत्रं मागे-पुढे पोचतात, म्हणून प्रत्येक पत्राला वर क्रमांक घाला, नाहीतर चौथं आधी आणि दुसरं नंतर वाचून गैरसमज होतात. पार्सलला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. संत्रा बर्फीला वाटेत बुरशी येते, ओल्या खोबऱ्याचं काहीही आंबूस होतं, तेलाचं लोणचं गळून बाकीचं खराब करतं. कोरडी जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, खारीक-डिंकाचे लाडू हे टिकतात. नीट गार झाल्यावरच दुहेरी पिशवीत भरा, गरम भरलं की आत पाणी सुटतं. सेंट, लायटर असलं जळणारं काही पोस्टात घेत नाहीत.

आता गाळलेल्या माहितीबद्दल. युनिट, ठिकाण आणि तारीख या तीन गोष्टी एकत्र कुणाच्या हाती लागल्या की त्या कामाच्या होतात. लष्कराने जुलै २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितले ते याच काळजीपोटी. नियम पुढे बदलत राहतात, पण घरच्यांसाठी खूणगाठ तीच: वर्दीतला फोटो युनिटच्या चिन्हासह टाकायचा नाही, ‘उद्या येतायत’ असं स्टेटस ठेवायचं नाही, रेल्वेचं तिकीट कुणाला पाठवायचं नाही. चुलत दिरांनाही हे सांगा, घरातून बातमी बहुधा त्यांच्यासारख्या हौशी माणसांकडूनच बाहेर जाते.

सुट्टीचं एक ऐका. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा असते, पण ती कधी आणि किती तुकड्यांत मिळेल हे युनिटची गरज ठरवते. ते आले की पहिले तीन-चार दिवस अवघड जातात. घर तुमच्या पद्धतीने चालत असतं, त्यांना आपण पाहुणे वाटतो, मग ते उगाच डबे कुठे ठेवलेत यावर बोलतात. मुलगी जवळ जात नाही. रात्री झोप मोडते. हे बहुतेक घरांत होतं. तेवढे दिवस नातेवाइकांकडे जाणं-येणं ठेवू नका आणि एखादं काम पूर्ण त्यांच्याकडे सोपवा, मुलीला शाळेत सोडायचं धरा. मधल्या एका दिवशी कागद उरका: दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं बँक खातं, नॉमिनी, मुलीच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करी कागदांतली अधिकृत नोंद, झाली की नाही. झोप न येणं, दचकून उठणं दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर युनिटच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा.

तुमच्यासाठीही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि कुटुंबीयांसाठी त्याचा वेगळा विभाग सुरू झाला. सतत रडू येणं, जेवण न जाणं, मुलीवर हात उगारला जाणं, यातलं काही होत असेल तर वाट बघू नका. कामठीला जाऊन एकदा फॅमिली वेल्फेअर सेंटर कुठे आहे ते बघा. तिथे भेटणाऱ्या बायकांना तुमची अडचण पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही. नवरा फिल्डला असताना कुटुंबासाठी छावणीत सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळू शकतं, त्याला वेटिंग असतं. सासऱ्यांची तब्येत बघता आज तुम्हाला ते नको असेल, पण अर्ज कसा करायचा एवढं मिस्टरांना विचारून ठेवा.

सासऱ्यांच्या आजारपणाचा विषय मात्र दोन महिने तसाच पडून आहे. तो फोनवर, सगळ्यांसमोर काढू नका. आज लिहून पाठवा: ‘बाबांचं तुम्हाला मी सांगायला हवं होतं. तुम्हाला घोर लागेल म्हणून सांगितलं नाही, पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं हे वाईट झालं. यापुढे घरातलं मोठं काही असेल तर आधी माझ्याकडून कळेल. तुम्हीपण बरं नसेल तेव्हा ठीक आहे म्हणू नका, बरं नाही एवढंच म्हणा, मी जास्त विचारणार नाही.’ एवढं पाठवलं की थांबा. टिक एकच दिसली किंवा दोन दिवस उत्तर आलं नाही, तरी त्याच विषयावर दुसरा मेसेज नको. संध्याकाळचा रोजचा मेसेज मात्र नेहमीसारखा जाऊ द्या.